एक इंचही नाही, आणि सात पिढ्या

डटन घराण्यात दोन वचनं आहेत. पहिलं घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. मरणाच्या दारात पोचलेला म्हातारा बाप आपल्या मुलाला, जॉनला, सांगतो की ही जमीन कुणाला घेऊ देऊ नकोस, एक इंचही नाही. 'यलोस्टोन' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी हा प्रसंग येतो. केव्हिन कॉस्टनरचा जॉन डटन जे काही करतो, माणसं गायब करतो, पोटच्या पोरांची आयुष्यं कुंपणाच्या खांबांसारखी जमिनीत पुरतो, नको असताना मोंटानाचा गव्हर्नर होतो, त्या सगळ्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

दुसरं वचन घरात कुणालाच ठाऊक नाही. ते जॉनच्या पणजोबांनी, जेम्स डटनने, क्रो या तिथल्या मूळ अमेरिकन जमातीच्या एका म्हाताऱ्याला दिलं होतं. म्हातारा म्हणाला होता, सात पिढ्यांनी माझी माणसं उठतील आणि ही जमीन तुमच्याकडून परत घेतील. जेम्स म्हणाला होता, सात पिढ्यांनी खुशाल घ्या.

एकाच दरीबद्दलची ही दोन वचनं एकमेकांच्या थेट विरोधात आहेत. आणि गंमत अशी की कथेत शंभरेक वर्षं आधी दिलं गेलेलं हे दुसरं वचन आपल्याला ऐकू आलं नंतर. 'यलोस्टोन' जून २०१८ मध्ये सुरू झाली, बापाचं 'एक इंचही नाही' २०१९ मध्ये येऊन गेलं, आणि '१८८३' ही तिची पूर्वकथा डिसेंबर २०२१ मध्ये आली. या मालिकांचा लेखक टेलर शेरिडन याने आधी घर बांधलं, त्यात माणसं राहायला आणली, त्यांची भांडणं लावून दिली, आणि मग खाली जाऊन पाया भरला. माझ्या मते या पायाने वरचं घरच बदललं. आधी जे हक्काचं वाटत होतं ते अचानक मुदतीवर घेतलेलं वाटायला लागलं.

(पुढे सगळ्या मालिकांचे शेवट येणार आहेत. ज्यांना अजून बघायचंय त्यांनी इथेच थांबावं. मी तरी थांबले असते.)

ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'यलोस्टोन' ही आजच्या मोंटाना राज्यातल्या एका प्रचंड मोठ्या गुरांच्या रँचची गोष्ट. मालक जॉन डटन, त्याची मुलं ली, जेमी, बेथ आणि केसी, उजवा हात रिप. जमिनीवर सगळ्यांचा डोळा: बिल्डर, विमानतळवाले, गुंतवणूक कंपन्या, आणि शेजारच्या ब्रोकन रॉक रिझर्व्हेशनचा, म्हणजे मूळ जमातीसाठी राखून ठेवलेल्या मुलखाचा, प्रमुख थॉमस रेनवॉटर. ब्रोकन रॉक ही जमात कल्पित आहे. रेनवॉटर पहिल्यापासून सांगतो की मी ही जमीन विकत घेईन, कुंपणं उखडीन, घर पाडीन आणि इथे कधी पांढरा माणूस आलाच नव्हता असं तिला करून टाकीन. पहिल्या सीझनमध्ये तो खलनायकाच्या खुर्चीत बसवलेला असतो. पूर्वकथा बघून परत पहिल्या सीझनला आलं की तो खलनायक राहत नाही. तो मुदत संपल्यावर दारात आलेला माणूस होतो, फक्त त्यालाही मुदतीची गोष्ट माहीत नसते.

पूर्वकथांचा मला एरवी कंटाळा आहे. नायकाच्या गालावरचा व्रण कुठून आला, टोपी कुणी दिली, गाडीचं नाव कसं पडलं, असल्या शंका कुणालाच पडलेल्या नसतात आणि त्यांची उत्तरं देण्यात दोन-अडीच तास जातात. '१८८३' या वाटेला जातच नाही. तिच्यात रँच नाही, ते घर नाही, गुरांवर मारायचा तो 'वाय' अक्षराचा डागसुद्धा नाही. दहा भागांपैकी जवळजवळ सगळे भाग फक्त प्रवास आहे. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थहून निघालेला एक काफिला, बरोबर युरोपातून आलेली, जर्मन बोलणारी, घोड्यावर बसणं आणि बंदूक धरणं यांतलं काहीही न येणारी माणसं, आणि पोचायचंय ऑरेगनला. मोंटानाला जायचं कुणाच्या मनातही नाही. वाटाड्या शे ब्रेनन हा सॅम एलियटने उभा केलेला म्हातारा, ज्याची बायको आणि मुलगी नुकतीच देवीने गेली आहे आणि ज्याला स्वतःला जगायची फारशी इच्छा उरलेली नाही. आणि या सगळ्याबरोबर जेम्स डटन, त्याची बायको मार्गारेट, मोठी मुलगी एल्सा आणि पाच वर्षांचा जॉन. जेम्स आणि मार्गारेटचं काम टिम मॅकग्रॉ आणि फेथ हिल या खऱ्या आयुष्यातल्या नवराबायकोने केलं आहे आणि ते दिसतं. एकमेकांकडे न बघता ते ज्या सवयीने एकमेकांच्या हातातलं काम पुढे घेतात ती सवय अभिनयाने येत नाही.

गोष्ट सांगते एल्सा. इसाबेल मे नावाच्या मुलीने हे काम केलं आहे. पहिल्याच भागाच्या पहिल्या काही मिनिटांत एल्सा जळत्या वॅगन्समध्ये उठून बसते आणि थोड्याच वेळात तिला बाण लागतो. म्हणजे निवेदिका मरणार, हे आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. मग गोष्ट मागे जाते आणि पुढचे नऊ तास आपण तिला जगताना बघतो. ती पँट घालून गुरं हाकायला शिकते, एका काऊबॉयच्या प्रेमात पडते, तो मारला जातो, मग सॅम नावाच्या कोमांची तरुणाशी तिचं जुळतं, त्याला परत येण्याचं वचन देऊन ती आईबापांबरोबर पुढे निघते. या सगळ्या मालिकांत तिच्याइतकं मोकळं माणूस दुसरं नाही. तिला जमीन नकोच आहे. तिला घोडा आणि पुढची टेकडी पाहिजे.

आणि नेमकी तीच या घराण्याला एका जागी खिळवून ठेवते.

तो बाण गैरसमजातून आलेला असतो. घोडेचोरांनी लकोटा जमातीच्या एका वस्तीतल्या बायकापोरांना मारलेलं असतं. परत आलेल्या पुरुषांना वाटतं, या काफिल्याने मारलं. बाण यकृतात लागतो आणि तो घाण असतो. जखम चिघळणार हे बापाला पहिल्या दिवशी कळतं. सगळ्यांत शेवटी कळतं ते एल्सालाच, आणि कळल्यावर ती रडारड करत नाही. ती म्हणते, माझी जागा मी निवडीन.

इथे मालिका वेग कमी करते आणि मीही करते, कारण सगळी जोडणी या एका ठिकाणी आहे. आईबापांचं ठरलेलं असतं की जिथे मुलगी पुरू तिथेच आपण राहायचं. ऑरेगन गेलं खड्ड्यात. बाप कुठेतरी थांबायला जागा शोधतोय, आणि त्याला क्रो लोक भेटतात. त्यांचा म्हातारा, स्पॉटेड ईगल (हे काम ग्रॅहम ग्रीनचं, आणि मोजून काही मिनिटांचं), पोरीकडे बघतो आणि खोटा धीर देत नाही. तो जेम्सला एका दरीचा पत्ता सांगतो. पॅराडाइज. जेम्स तिथे पोरीला घोड्यावर पुढ्यात घेऊन जातो. एल्सा बघते, एक झाड दाखवते. बाप झाडाला पाठ लावून बसतो, ती त्याच्या मांडीवर, दोघं हळू आवाजात बोलत राहतात, आणि ती जाते.

एवढंच. डटन घराण्याचं ते जगप्रसिद्ध साम्राज्य इथे सुरू होतं. पाणी चांगलं म्हणून नाही, गवत उंच म्हणून नाही. पोर त्याच्या पलीकडे जाऊ शकली नाही म्हणून.

हे बघितल्यावर परत 'यलोस्टोन' लावून पाहा. जॉन डटन खिडकीत उभा राहून दरीकडे बघतोय, असा शॉट त्या मालिकेत असंख्य वेळा आहे, आणि पूर्वी तो मला जाहिरातीसारखा वाटायचा. आता तसा वाटत नाही. त्याचा हट्ट अवाच्या सवा आहे. जमीन पैशात मोजली तर तोट्यातली आहे, हे बेथ त्याला आकडे मांडून सांगते, आणि तो ऐकत नाही. हा हट्ट त्याला कुठून आला ते त्यालाही सांगता येत नाही. बापाने सांगितलं, बापाला त्याच्या बापाने सांगितलं. मालिकेच्या पहिल्या तीन सीझन्समध्ये एल्सा हे नावसुद्धा नाही. अर्थात नसणारच, तेव्हा ती जन्माला यायची होती. पण लेखकाच्या या अडचणीतून एक खरी गोष्ट हाती लागली आहे. दुःख विसरलं गेलं आणि त्यातून आलेला हट्ट तेवढा वारशात उतरला. असं घरांमध्ये होतं.

आमच्याकडे गावी बांधावर एक रायवळ आंबा आहे. पणजोबांनी शेजारच्या घराला तोंडी सांगून ठेवलं होतं म्हणे, की झाड आमच्या बांधात असलं तरी अर्धे आंबे तुमचे. ते का सांगितलं, कुठल्या उपकाराची ती फेड होती, कोण जाणे. पुढे वाटण्या झाल्या, फेरफार झाले, आणि सातबाऱ्यावर झाड आमच्या नावावर राहिलं. आता आमच्या बाजूला हे वचन कुणालाही आठवत नाही. त्यांच्या बाजूला शाळकरी पोरालाही ते पाठ आहे. मी एकदा आत्याला विचारलं. ती म्हणाली, "असं काही नव्हतं गं, उगाच बोलतात ते." आणि लगेच, "चहा टाकू का?"

जेम्सचं वचन असंच गेलं. १८९३ मध्ये तो घोडेचोरांच्या पाठलागात गोळी लागून मरतो (हा तुकडा पूर्वकथेत नाही, 'यलोस्टोन'च्या चौथ्या सीझनमध्ये मधेच पेरला आहे). पुढे मार्गारेट बर्फात गोठून मरते. दोन मुलं, जॉन आणि तिथेच जन्मलेला धाकटा स्पेन्सर, उपाशी एकटी राहतात. जेम्सचा भाऊ जेकब येऊन पोचतो तोपर्यंत क्रो म्हाताऱ्याशी काय बोलणं झालं होतं हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. जेकबला जमीन मिळते, पोरं मिळतात, अटी मिळत नाहीत.

हा जेकब म्हणजे हॅरिसन फोर्ड, त्याची बायको कारा म्हणजे हेलन मिरेन, आणि ही '१९२३'. दोन सीझन, २०२२ च्या डिसेंबरपासून २०२५ च्या एप्रिलपर्यंत. ही मालिका मला '१८८३' इतकी आवडली नाही. स्पेन्सर केनियात नरभक्षक सिंह मारत फिरतोय आणि तिथून घरी पोचायला त्याला जवळजवळ दोन्ही सीझन लागतात. दर भागात बोट बुडते, नाहीतर कुणी भांडण काढतं. पण वंशावळीच्या दृष्टीने तिने एक बेरकी चाल खेळली आहे. '१८८३' बघताना आपण सगळे गृहीत धरून बसलो होतो की वॅगनमधला तो पाच वर्षांचा जॉन म्हणजेच कॉस्टनरच्या जॉनचा पूर्वज. नावच एक आहे ना. '१९२३' त्या जॉनला लवकरच मारते, पुढे त्याच्या मुलालाही, जॅकलाही, मारते, आणि वंश चालतो धाकट्या स्पेन्सरचा. स्पेन्सरची इंग्रज बायको अलेक्झांड्रा हिमवादळात अडकते, हातपाय हिमदंशाने गेलेले असतात, दिवस भरायच्या आत बाळ होतं. डॉक्टर हातपाय कापायला सांगतात, ती नाही म्हणते आणि बाळाला छातीशी धरून मरते. बाळाचं नाव ठेवतात जॉन, मेलेल्या काकाचं. कॉस्टनर 'तिसरा जॉन' आहे तो असा. पहिला जॉन त्याचा थेट पूर्वज नव्हेच, चुलत आजोबा. नावाचा आकडा एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारून आला आहे.

इथवर आल्यावर मला एक गोष्ट खटकायला लागली, आणि मग ती दिसतच राहिली. एल्सा बाणाने. मार्गारेट थंडीने. पहिल्या जॉनची बायको एमा नवऱ्यामागे स्वतःच्या हाताने. अलेक्झांड्रा थंडीने. आणि 'यलोस्टोन'मध्ये तिसऱ्या जॉनची बायको एव्हलिन घोड्यावरून पडून, जिचं मरण बेथ जन्मभर स्वतःच्या माथ्यावर घेऊन फिरते. या जमिनीबद्दल बोलतात ते सगळे पुरुष. जमिनीत आहेत त्या बायका. शेरिडनने हे जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. त्याच्या कथेला वाऱ्यावर सोडलेला, दुखावलेला पुरुष लागतो आणि तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे बायको मारणे. पण तिन्ही मालिका सलग बघितल्या की हिशेब तसा दिसतो. आणि गोष्ट सांगायचं काम मात्र त्यांतल्याच एकीकडे आहे. '१९२३' चं निवेदनही एल्साचं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'यलोस्टोन'चा शेवटचा भाग आला त्यातही शेवटी तिचाच आवाज. सात पिढ्यांचं वचन ज्यांना माहीत होतं त्यांच्यापैकी आज बोलणारी ती एकटी, आणि ती मेलेली. तिचं बोलणं डटनांपैकी कुणालाच ऐकू येत नाही. ते फक्त आपल्याला येतं.

आता सात पिढ्यांचं गणित. आपल्याकडे सात पिढ्या म्हटलं की लगेच बोटं मोजायला सुरुवात होते. सापिंड्य बघणारी आणि 'सात पिढ्या बसून खातील' म्हणणारी माणसं आपण. मीही मोजल्या. जेम्स एक, स्पेन्सर दोन, त्याचा मुलगा दुसरा जॉन तीन, कॉस्टनर चार, केसी पाच, केसीचा मुलगा टेट सहा. सातवा कुठे आहे? कितीही ओढलं तरी सहाच भरतात. शेवटच्या भागात एल्सा मात्र ठामपणे सात म्हणते.

लेखकाचा हिशेब चुकला असं म्हणून मोकळं होता येईल, आणि बहुधा तसंच असेल. पण मला म्हाताऱ्याचं वाक्य परत ऐकावंसं वाटलं. तो म्हणाला होता, सात पिढ्यांनी *माझी माणसं* उठतील. आपण मोजत बसलो डटनांच्या पिढ्या, तो मोजत होता स्वतःच्या. १८८३ ते २०२४ म्हणजे १४१ वर्षं. विसाव्या वर्षी मूल धरलं तर सात पिढ्या जवळजवळ चोख बसतात. शिवाय सहावा टेट धरला तर सातवी पिढी अजून जन्मायची आहे, म्हणजे ती जमिनीची मालक म्हणून जन्मणारच नाही. कसंही मोजा, उत्तर सोयीचं येतं. पटकथेतला आकडा असावा तर असा.

आणि सोय म्हटली की इतिहासाकडे वळावं लागतं, कारण '१८८३' मधली सगळ्यांत मोठी सोय तिचं नाव आहे.

१८८३ मध्ये वॅगनमधून मोंटानाला जायची गरज उरली नव्हती. पहिली आरपार रेल्वे १८६९ मध्येच पुरी झाली होती. नॉर्दर्न पॅसिफिकचा मार्ग सप्टेंबर १८८३ मध्ये मोंटानातच गोल्ड क्रीक इथे जोडला गेला. त्या रेल्वेने आदल्याच वर्षी लिव्हिंग्स्टन गाव वसवलं होतं आणि तिथून यलोस्टोन पार्ककडे जाणारा फाटा १८८३ मध्येच टाकला. तो फाटा गेला कुठून? पॅराडाइज व्हॅलीतून. म्हणजे बाप पोरीला मांडीवर घेऊन झाडाखाली बसतो त्या सुमारास त्याच दरीत रूळ पडत होते आणि पर्यटकांची सोय होत होती. सोनं शोधणारे तर तिथल्या इमिग्रंट गल्चमध्ये १८६० च्या दशकातच पोचले होते. मालिकेतली ती अस्पर्श, निर्मनुष्य दरी त्या साली अस्पर्शही नव्हती आणि निर्मनुष्यही.

क्रो लोकांचा हिशेब याहून कडू आहे. १८५१ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकन सरकारने त्यांचा म्हणून मान्य केलेला मुलूख तीन कोटी एकरांहून मोठा होता. १८६८ च्या तहात तो ८० लाख एकरांवर आला. एप्रिल १८८२ मध्ये काँग्रेसने कायदा करून त्याचा पश्चिमेकडचा भागही काढून घेतला, सोनं आणि रेल्वे दोन्ही तिकडेच होती. आज क्रो रिझर्व्हेशन सुमारे २३ लाख एकर आहे. तेव्हा १८८३ मध्ये त्या भागातल्या क्रो म्हाताऱ्याला एखाद्या गोऱ्याला 'इकडे एक छान दरी आहे' असं सांगायला कारण नव्हतं. त्याच्या पायाखालून वर्षभरापूर्वीच जमीन ओढली गेली होती.

हे मला माहीत असूनही तो प्रसंग बघताना माझा घसा दाटतो. पण तो का दाटतो हेही कळतं. मालिकेने घेतलेल्या जमिनीला दिलेली जमीन करून दाखवलंय. मालकाने स्वतःच पत्ता सांगितला, शोकात बुडालेल्या बापाला जागा दिली, वर मुदतही ठरवून दिली. मग डटनांच्या हातांना काही लागत नाही. खऱ्या तहांमध्ये मुदत वगैरे नव्हती, आणि ज्या होत्या त्या शर्ती पाळल्या गेल्या नाहीत. '१९२३' निदान एका बाबतीत कचरत नाही: टिओना रेनवॉटर ही मूळ जमातीतली मुलगी आणि तिला जिथे ठेवलंय ती बोर्डिंग शाळा. पाद्री आणि नन्स तिला भाषा विसरेपर्यंत छड्या मारतात आणि ते प्रसंग बघवत नाहीत. अशा शाळांबद्दल अमेरिकेच्या इंटिरियर खात्याने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात किमान ९७३ मुलांच्या मृत्यूंची नोंद आहे. टिओनाचं आडनाव रेनवॉटर असणं हीही जोडणीच आहे, आणि मला वाटतं सगळ्यांत न्याय्य. डटनांना पूर्वकथा मिळते तेव्हा त्यांच्या विरोधकालाही मिळायला हवी.

'यलोस्टोन'चा शेवट कसा झाला ते सांगायलाच हवं, कारण त्यात एक अस्सल विनोद आहे. कॉस्टनरचा जॉन मरतो. मुलांपुढे प्रश्न येतो वारसा कराचा. आपल्याकडे हा कर १९८५ मध्ये रद्द झाला म्हणून त्याची धास्ती कळणार नाही, पण तिकडे एवढ्या जमिनीवर कर भरायचा तर जमीनच विकावी लागते. केसी तोड काढतो: रँच ब्रोकन रॉक जमातीला विकायची, एकरी सव्वा डॉलर दराने, म्हणजे डटन इथे आले तेव्हाच्या भावाने. अट एवढीच की तिथे बांधकाम करायचं नाही आणि पुढे विकायची नाही. हा सव्वा डॉलर हवेतला नाही. सरकारी जमिनीचा किमान दर १८२० पासून तोच होता. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात पाच वर्षं कसून जमीन जवळजवळ फुकट मिळायची, पण ज्याला तेवढं थांबायचं नसेल त्याने सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून ती आपल्या नावावर करावी अशी सोय होती.

तर, एका मरणाऱ्या मुलीच्या उशाशी दिलेलं वचन १४१ वर्षांनी पाळलं गेलं, ते वचन आठवून नव्हे. ते पाळलं गेलं कर वाचवायला. केसीला जेम्सचा शब्द माहीतच नाही. शिवाय त्याने स्वतःसाठी ईस्ट कॅम्पचा एक तुकडा राखून ठेवला आहे. म्हणजे 'एक इंचही नाही' हे बापाचं वचनही थोडंसं जिवंत आहेच. मला हा शेवट आवडला तो याच बेरकीपणामुळे. संतपणाने परत केलेली जमीन मला पटली नसती.

त्यानंतर घर उतरवलं जातं. काही पोरं डटनांच्या कबरींचे दगड पाडायला लागतात. रेनवॉटरचा उजवा हात मो त्यांना थांबवतो, रागावतो. तिथे एल्साचाही दगड आहे. ही कबर तिथे होती असं आपल्याला २०१८ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं, ती नंतर आणून ठेवली, हे माहीत असूनही ती तिथे नेहमीच होती असं वाटतं. पूर्वकथेकडून यापेक्षा जास्त काय मागायचं!

रेनवॉटरने म्हटल्याप्रमाणे कुंपणं गेली, घर गेलं. पण जे घर पडद्यावर पाडलं जातं ते खरं कुठे आहे? मोंटानातच, डार्बीजवळच्या चीफ जोसेफ रँचवर, बिटररूट दरीत. तिथे पर्यटक राहायला जातात. बिटररूट ही सेलिश लोकांची जमीन. त्यांचा प्रमुख शार्लो वर्षानुवर्षं ती सोडायला तयार नव्हता. अखेर ऑक्टोबर १८९१ मध्ये त्याच्या माणसांना तिथून हलवून उत्तरेला फ्लॅटहेड रिझर्व्हेशनवर नेलं गेलं. पुढे त्याच रिझर्व्हेशनमधून सरकारने गव्यांच्या राखीव कुरणासाठी जमीन काढून घेतली, नॅशनल बायसन रेंज. डिसेंबर २०२० मध्ये कायदा होऊन ते कुरण, सुमारे १९ हजार एकर, सेलिश आणि कुटनाई जमातींना परत मिळालं. 'यलोस्टोन'चा तिसरा सीझन तेव्हा नुकताच संपला होता. या परतीत कुणी शब्द दिला नव्हता, कुणाची मुलगी झाडाखाली गेली नव्हती. जमातीने वर्षानुवर्षं कागद, अर्ज आणि कोर्ट केलं. बिटररूट मात्र परत मिळालेली नाही. तिथे चित्रीकरण झालं.

लोक मला विचारतात, कुठून सुरू करू? सालाप्रमाणे '१८८३' पासून बघू नका. आधी 'यलोस्टोन'चे दोन सीझन बघा, त्या म्हाताऱ्या बापाच्या 'एक इंचही नाही' पर्यंत, आणि डटनांची बाजू मनापासून घ्या. रेनवॉटरचा रागही येऊ द्या. मग '१८८३' लावा. '१९२३' मधला आफ्रिकेचा भाग पुढे ढकलत बघितला तरी चालेल, टिओनाचा नको. मग उरलेली 'यलोस्टोन'. '१९४४' नावाची आणखी एक जाहीर होऊन बसली आहे. ती आली की दुसऱ्या जॉनचं काय ते कळेल, म्हणजे ज्याने 'एक इंचही नाही' म्हटलं त्याचं. त्याला ते कुणी शिकवलं हे मला बघायचंय. स्पेन्सरने शिकवलं असेल असं वाटत नाही. तो घरी यायलाच तयार नव्हता.